सायलेन्सर सगळ्यात शेवटी

आमच्या बेळगावात कुणी साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी बुक केली की मित्र दोनच प्रश्न विचारतात. डिलिव्हरी कधी? आणि सायलेन्सर कुठला घालणार? गाडी अजून शोरूममध्ये उभी असते, मालकाने तिचा आवाजही नीट ऐकलेला नसतो, पण तो बदलायचा हे मात्र ठरलेलं असतं. माझ्या मावसभावाने गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याने मला खर्चाची एक्सेल शीट पाठवली. गाडीची किंमत वेगळी आणि खाली 'मॉडिफिकेशन' म्हणून साठ हजार रुपये. त्यातले चाळीस हजार सायलेन्सरचे आणि ईसीयूला जोडायच्या डब्याचे. टायर, दिवे, सीट यांच्यापुढे शून्य. "ते नंतर बघूया की दादा," असं त्याचं म्हणणं.

मी त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. माझं मत सरळ आहे. आजच्या या गाड्यांना ताकद कमी पडत नाही. कमी पडतं ते रात्री दिसणं, पावसात थांबणं आणि मागे बसलेल्या माणसाचं सुख. पैसे तिथे घाला.

आधी गाडी निवडण्याबद्दल. रॉयल एनफील्डच्या क्लासिक, मिटिऑर आणि हंटर या तिन्ही गाड्यांत मुळात एकच ३४९ सीसीचं इंजिन आहे. सुमारे २० अश्वशक्ती आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क, तोही ४००० आरपीएमलाच. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणारी ट्रायम्फ स्पीड ४०० ही ३९८ सीसीची गाडी जवळपास ४० अश्वशक्ती देते, पण तिचा पूर्ण टॉर्क ६५०० आरपीएमच्या आसपास मिळतो. कागदावर दुसरी दुप्पट ताकदवान. पण दोन माणसं आणि सामान घेऊन घाटात तिसऱ्या गिअरवर संथ चढायचं असेल, तर पहिल्या प्रकारची गाडी न कुरकुरता चढते. पुणे-बेंगळुरू हायवेवर शंभरच्या वेगाने तासन्‌तास जायचं असेल, तर दुसरी जास्त आरामात धावते. म्हणून 'कुठली गाडी चांगली' हा प्रश्न तितकासा कामाचा नाही. वर्षातले तीनशे दिवस ती कुठे चालणार आहे, हे विचारा.

वजनाचंही तेच. क्लासिक १९५ किलो, हिमालयन ४५० जवळपास तितकीच, हंटर १८१, स्पीड ४०० त्याहून थोडी कमी. चालत्या गाडीवर हा फरक जाणवत नाही. पण गणपत गल्लीत दोन स्कूटरच्या मधून गाडी मागे ढकलून काढायची वेळ आली की प्रत्येक किलो मोजता येतो. सीटवर बसून दोन्ही टाचा टेकत नसतील तर चवड्यांवर तरी गाडी सावरता येते का, हे शोरूमच्या फरशीवर नाही, उतारावर बघा.

करांचा हिशेबही बदलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. आधी वरच्या गटाला सेस धरून ३१ टक्के होता. म्हणजे ३४९ सीसी आणि ३९८ सीसी यांच्यात आता इंजिनपेक्षा करानेच मोठी दरी पाडली आहे. ज्यांची गरज साडेतीनशेमध्ये भागते, त्यांच्या हातात हेल्मेट, जॅकेट आणि टायरचे पैसे तिथेच उरतात.

आणि टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. मागे जी व्यक्ती बसणार आहे, बायको, आई, बहीण, तिला बरोबर घेऊन जा आणि निदान पंधरा मिनिटं फिरवा. शोरूमवाले दोन मिनिटांची फेरी मारायला देतात, तेवढ्यात मागच्या सीटबद्दल काहीच कळत नाही. मागचं फुटरेस्ट फार वर असेल तर गुडघे अर्ध्या तासात बोलायला लागतात. हंटर दिसायला मला स्वतःला फार आवडते, पण तिची मागची सीट लांबच्या प्रवासाची नाही, असं आमच्या घरच्या मंडळींचं मत आहे आणि ते अंतिम आहे.

गाडी घरी आली की पहिले दोन-तीन हजार किलोमीटर ती कंपनीने दिली तशीच चालवा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक नियम पाळतो: एका वेळी एकच बदल, मग तपासणी, मग पुढचा. पहिल्याच आठवड्यात हँडल, टायर आणि शॉकअब तिन्ही बदलले आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर दोष कशाचा हे शोधणार कसं? शिवाय काही गोष्टी फुकटात सुधारतात. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचा कोन खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत आणून बघा. मागच्या शॉकअबचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग किती आवळलेली आहे ते, दोन माणसं बसताना एक-दोन खाच वाढवा. मागे माणूस बसल्यावर गाडी मागून बसते, दिव्याचा झोत आभाळात जातो आणि पुढचं चाक हलकं होतं. बरेच जण यावर उपाय म्हणून नवे शॉकअब घेतात. टूलकिटमधला स्पॅनर मात्र पिशवीतून बाहेरच आलेला नसतो.

आता टायर. टायरवर १२०/८०-१८ असं लिहिलेलं असतं. रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर आणि रिम १८ इंचाची. क्लासिकचा मागचा टायर याच मापाचा आहे. आमच्याकडे फॅशन आहे ती त्याच रिमवर १४० चा जाडजूड टायर चढवायची. मागून बघताना दिसतो छान. पण रिम अरुंद असल्यामुळे टायरच्या कडा आत दाबल्या जातात, मधला भाग फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा बदलतो आणि वळणावर गाडी कलायला कंटाळा करते. काही गाड्यांत तो चेनला किंवा मडगार्डला घासतोही. त्यापेक्षा माप तेच ठेवा आणि चांगल्या प्रतीचा, ओल्या रस्त्यावर पकड देणारा टायर घ्या. बेळगाव आणि गोवा यांच्यात चार महिने पाऊस आहे, हे शोरूमच्या बाहेर पडताना विसरू नये. एबीएस १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं आहे, पण एबीएस फक्त चाक लॉक होऊ देत नाही. पकड टायरचीच असते.

तारांच्या स्पोकची चाकं बहुधा ट्यूबची असतात, अलॉय चाकं ट्यूबलेस. लूक म्हणून स्पोक घेणाऱ्यांनी जांबोटी सोडल्यावर पंक्चर काढणारा कुठे भेटेल याचा विचार करावा. ट्यूबलेसला प्लग किट आणि छोटा पंप सीटखाली ठेवला की पंधरा मिनिटांत काम होतं.

दिव्यांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तिथे जिवाचा प्रश्न येतो. मागच्या वर्षी आम्ही दोन गाड्यांवर रात्री चोर्ल्यामार्गे गोव्याला निघालो होतो. पुढच्या गाडीवर मित्र आणि त्याची बायको, मागे मी. मित्राने आदल्या आठवड्यात शहरातल्या एका दुकानातून जादा एलईडी दिवे बसवून घेतले होते. कणकुंबी ओलांडली आणि धुक्यात त्याची गाडी एकदम काळोखी झाली. हेडलाइट, टेललाइट, इंजिन, सगळं एका क्षणात बंद. तो कसाबसा कडेला आला. मागून भाजीचा ट्रक येत होता, बेळगावची भाजी रात्रीच गोव्याला जाते. त्या चालकाला माझे इंडिकेटर दिसले म्हणून त्याने वेग कमी केला, आमच्या मागे ट्रक उभा केला आणि आम्ही काम संपवेपर्यंत तो तिथून हलला नाही. वहिनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून होत्या. नंतर कितीतरी वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

कारण साधं होतं. दुकानातल्या माणसाने मूळ वायर ब्लेडने सोलून त्यावर नवी वायर गुंडाळली होती आणि वर काळी टेप. स्वतंत्र फ्यूज नाही, रिले नाही. पाणी आत गेलं, शॉर्ट झालं आणि मुख्य फ्यूज उडाला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपैकी काही दिवे गेले तरी चालत राहायच्या. बीएस-६ गाडी फ्युएल इंजेक्शनची, ईसीयूची वीज गेली की इंजिन तिथेच थांबतं. आम्ही जादा वायर उपटून टाकली, सुटा फ्यूज घातला आणि गाडी चालू झाली.

यात हिशेब शाळेतला आहे. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. भागिले १२ व्होल्ट, साधारण साडेतीन अँपिअर. म्हणजे त्या दिव्यांना ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, बॅटरीवरून स्वतंत्र वायर, रिले आणि पाणी न शिरणारे कनेक्टर. मूळ वायरला चिमटा लागतो तो फक्त रिलेला चालू-बंद करायचा संकेत देण्यापुरता. तयार वायरिंग हार्नेस बाजारात मिळतात, ते दिव्यांबरोबरच घ्या. दुकानदार "गरज नाही" म्हणाला तर दुकान बदला. हॅलोजन हेडलाइटमध्ये ६०/५५ वॅटऐवजी १०० वॅटचा बल्ब घालणं हा आणखी एक आवडता उद्योग. होल्डर वितळतो आणि आतला रिफ्लेक्टर काळवंडतो. धुक्यासाठी पिवळे, खाली बसवलेले, रुंद झोताचे दिवे बरे पडतात. पांढरा झगमगाट धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. आणि समोरून गाडी आली की जादा दिवे बंद.

सामानाच्या बाबतीत आपण बेळगावकर नशीबवान आहोत. उद्यमबागेत लेथ आणि फॅब्रिकेशनची इतकी कामं चालतात की पिशव्या चाकापासून दूर ठेवणारा सॅडल स्टे मापाने करून मिळतो, तोही ब्रँडेडच्या मानाने स्वस्तात आणि कधीकधी जास्त दणकट. एकच पथ्य. तो गाडीला आधीपासून असलेल्या भोकांवर बोल्टने बसवायचा, चेसीला वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेने तिथला पाइप कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर. टॉप बॉक्समध्ये दहा किलो भरून घाट उतरून बघा, हँडल कसं डोलतं ते कळेल.

आता साडी गार्ड. नव्या गाडीवरून सगळ्यात आधी उतरतो तो हाच. मोटार वाहन नियमांत (नियम १२३) मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार, फुटरेस्ट आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण सांगितलेलं आहे, आणि त्यामागे कारण आहे. साडीचा पदर किंवा ओढणी चाकात गेली तर पुढे काय होतं हे आपल्यापैकी अनेकांनी नात्यात ऐकलेलं असतं. ज्या घरात आई साडी नेसून मागे बसते, तिथे लूकसाठी गार्ड काढून ठेवू नये. लहान मूल असेल तर चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम २०२३ पासून लागू आहे.

राहिला सायलेन्सर. बीएस-६ गाडीच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ईसीयू त्यावरून पेट्रोल ठरवतो. फक्त शेवटचा डबा बदलला तर ताकदीत फरक नगण्य. पूर्ण पाइप बदलून कन्व्हर्टर काढला तर इंजिनची लाइट लागते, मग ती विझवायला आणखी एक डबा. कुणीतरी न तपासलेला कोड आपल्या इंजिनात टाकायचा, ही कल्पना मला माझ्या धंद्यामुळे तरी पटत नाही. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-प्रदूषणाच्या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि तीन महिने लायसन्सही. आपल्या गाड्या कर्नाटकातून गोव्यात, महाराष्ट्रात जातात. कायदा तिन्हीकडे एकच आहे. आणि शहापूरच्या गल्लीत रात्री अकराला तो आवाज घेऊन येणाऱ्याबद्दल शेजारचे आजोबा काय म्हणतात, ते आईला दुसऱ्या दिवशी नळावर ऐकायला मिळतं.

मावसभावाची शीट अखेर बदलली. दोन चांगली हेल्मेट, दोन जॅकेट (मागे बसणारीलाही, हे त्याने स्वतःहून लिहिलं), दिवे हार्नेससकट, मागच्या सीटवर जास्त घनतेचा फोम आणि उद्यमबागेतला स्टे. चाळीस हजारही लागले नाहीत. सायलेन्सरची ओळ शीटमध्ये अजून आहे, पुढे रक्कम नाही.

दोन कामं उरली. बसवलेल्या वस्तूंची बिलं जपून ठेवा आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी त्या विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातानंतर त्यांचे पैसे मिळत नाहीत. आणि काढलेले मूळ भाग, आरसे, सीट, गार्ड, अगदी वॉशरसुद्धा, पिशवीत भरून वर नाव लिहून माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक "ओरिजिनल पार्ट आहेत का?" असं विचारतंच.