पंजाला हाताचीच कातडी

कडबाकुट्टीत किंवा कारखान्याच्या रोलरमध्ये पंजा सापडला, की पालथ्या बाजूची कातडी सोलून निघते आणि खालच्या कंडरा उघड्या पडतात. नुसत्या कंडरेवर त्वचारोपणाचा पातळ पापुद्रा धरत नाही. तिथे स्वतःचा रक्तपुरवठा असलेला, चरबीसकट उचललेला तुकडा लागतो; त्यालाच फ्लॅप म्हणतात. मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेला जांघेचा फ्लॅप भरवशाचा खरा, पण त्यात सुमारे ३ आठवडे हात जांघेला शिवून ठेवावा लागतो. लोंबता हात सुजतो, बोटं आखडतात. चीनमधल्या यांग गुओफान यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेडियल धमनीच्या फ्लॅपमुळे यातून वाट निघाली. मनगटाच्या वर, पुढच्या बाजूची कातडी धमनीसकट उचलायची, धमनी कोपराच्या बाजूने तोडायची आणि तुकडा पंजाकडे उलटा फिरवायचा. मग अल्नर धमनीचं रक्त तळव्यातल्या कमानीतून उलट्या दिशेने त्यात येतं. हात मोकळा राहतो, उंच ठेवता येतो, बोटं लवकर हलवता येतात.

पण यात हाताच्या दोन मुख्य धमन्यांपैकी एक खर्ची पडते, आणि माझा आक्षेप इथेच आहे. ॲलन चाचणी करून घेतली की झालं, असं उत्तर मिळतं. रुग्णाने मूठ आवळायची, डॉक्टरांनी मनगटाशी दोन्ही धमन्या दाबायच्या. मूठ उघडल्यावर पांढराफटक दिसणारा तळवा अल्नरवरचं बोट काढताच लाल झाला, तर रेडियल गेली तरी चालतं. धडधाकट हाताला हे लागू आहे. चिरडलेल्या पंजात ती कमानच शाबूत असेल याची खात्री काय? शिवाय पुढे पायाचं बोट काढून अंगठ्याच्या जागी बसवायचं ठरलं, तर त्याला जोडायला चांगली धमनी लागतेच.

म्हणून आधी विचार व्हावा तो हाताच्या मागच्या बाजूच्या पोस्टिरियर इंटरऑसियस फ्लॅपचा. झांकोली, मास्केले आदींनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या या फ्लॅपमध्ये मुख्य धमनीला हात लागत नाही आणि तुकडा अरुंद असेल तर मागची जखम सरळ शिवता येते. तो उचलणं नाजूक आहे, शेजारीच बोटं उचलणाऱ्या स्नायूंची नस असते, कधी शिरांत रक्त तुंबून फ्लॅप निळा पडतो, हे आक्षेप खरेच आहेत. पण ही जोखीम सरावाने कमी होते. तोडलेली धमनी सरावाने परत येत नाही. आता, कोपरापासून मनगटापर्यंतचा भागच चिरडला असेल तर हे दोन्ही फ्लॅप बाद होतात, आणि तेव्हा जांघेचा जुना फ्लॅप आजही कामी येतो.