परड्यातली घूस, पेरूवरचे पोपट आणि एअरगन

बेळगाव-शहापूरच्या जुन्या घरांमागे अजून थोडी जागा शिल्लक आहे. कुणी तिला परसू म्हणतं, कुणी परडं. दोन नारळ, एक पेरू, चिकू, आळूचं वाफं एवढ्यावर घरातली वडीलमाणसं खूश असतात. आणि तिथेच पोपट, खारी, वटवाघळं, घुशी आणि अधूनमधून वानरांची टोळीही येते. या वर्षी ओळखीतल्या दोन-तीन मुलांनी मला एकच प्रश्न विचारला, "काका, एअरगन घेऊ का? तिला लायसन्स लागत नाही म्हणे."

लायसन्सचं खरं आहे, पण अर्धंच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणजे ती घरात ठेवायला मोकळीक आहे. तिने काय मारायचं, हे मात्र दुसरा कायदा ठरवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नव्हे. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. पोपट, मोर, वानर हे सगळे संरक्षित आहेत. पूर्वी या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. तिच्यात उंदीर, कावळे, फळं खाणारी वटवाघळं होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. त्यामुळे "आमच्या आजोबांच्या वेळी चालायचं" हे उत्तर आता चालत नाही.

मग राहतात उंदीर-घुशी. त्यांच्यावर तरी? घूस बाहेर पडते रात्री. अंधारात, भिंतीला लागून पळणाऱ्या घुशीवर नेम धरायचा आणि पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर! छर्रा दगडावर आपटला तर कुठे उसळेल सांगता येत नाही, आणि मोकळा सुटला तर दोनशे मीटरच्या पलीकडेही जाऊ शकतो. आमच्याच गल्लीत एका मांजराचा डोळा असाच गेला. त्या जागी शाळेतून येणारं पोर असतं तर? शिवाय बहुतेक छर्रे शिशाचे असतात. छर्रा लागून मेलेला उंदीर मांजराने किंवा घारीने खाल्ला तर ते विष पुढे जातं. आणि एवढं करून एक घूस मेली तरी खायला-लपायला जागा तशीच असेल, तर आठवड्यात दुसरी हजर.

माझ्या परड्यात उपयोगी पडलेले उपाय साधे आहेत. नारळाची कोवळी फळं देठाजवळ भोक पडून गळत असतील, तर ते उंदरांचं काम. खोडाला जमिनीपासून साधारण दोन मीटरवर गुळगुळीत पत्रा गुंडाळायचा. त्यावर नखं टिकत नाहीत. मात्र झाडाची झावळी दुसऱ्या झाडाला किंवा गच्चीला टेकता कामा नये, नाहीतर उंदीर वरच्या वाटेने येतो. घुशीसाठी आधी खरकटं, कोंबड्यांचं खाद्य आणि लाकडांचा ढीग हलवायचा, मगच पिंजरा लावायचा. गव्हाणी घुबड आणि धामण फुकटात काम करतात. उंदरांचं औषध सढळ हाताने टाकलं की आधी तेच मरतात.

पेरू लिंबाएवढा झाला की त्याला कापडी किंवा कागदी पिशवी बांधायची. चिकू तयार झाला की काढून घरात पिकवायचा. जाळी लावलीच तर बारीक भोकांची आणि ताणून. सैल नायलॉनमध्ये पक्षी आणि साप अडकून मरतात. वानरांना शिळी पोळीसुद्धा घालू नये. एका घराने घातली की सगळ्या गल्लीला भोगावं लागतं. त्रास फार वाढला तर वनखात्याला कळवायचं. आणि शेंड्यावरची चार फळं पाखरांची म्हणून सोडायला काय हरकत आहे? रात्री येणारी वटवाघळं बऱ्याच झाडांचं परागीभवन करतात, बियाही लांबवर नेऊन टाकतात.

अरुणाचल प्रदेशात शिकारीची परंपरा आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट. तिथे २०२१ मध्ये एअरगन जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी आपणहून हजारावर बंदुका सरकारकडे दिल्या. आपल्याला तर फक्त पेरू वाचवायचे आहेत.

आणि नेमबाजीचीच हौस असेल तर ती खुशाल करावी, पण रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. अंजली भागवत २००० साली सिडनीला १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण आणलं. तोच साडेचार मिलिमीटरचा छर्रा, समोर कागदाचं लक्ष्य. परड्यासाठी मात्र या सुट्टीत बाबांना सोबत घेऊन पत्रा आणि पिशव्याच आणा.