ओहम : एका आडनावाचे एकक

विद्युतरोध, म्हणजे विद्युतधारेला वाहकाकडून होणारा विरोध, मोजण्याच्या एककाला जगभर ‘ओहम’ म्हणतात. मात्र १८६१ साली मँचेस्टरच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या तारायंत्र अभियंत्यांनी ‘ओहमा’ हे नाव सुचवले, तेव्हा ते विद्युतदाबासाठी होते आणि रोधाच्या वाट्याला ‘व्होल्ट’ आले होते. पुढे ही वाटणी पार बदलली, यावरून नाव आणि अर्थ यांची गाठ किती सैल होती ते कळते.

हे नाव जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) याचे. धारा ही दाबाच्या सम प्रमाणात आणि रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा त्याचा नियम १८२७ च्या ग्रंथात आला. मायदेशात त्याची फारशी कदर झाली नाही, आणि १८४१ चे कोप्ली पदक लंडनहून आले. या आडनावाचे मूळ मामा या अर्थाच्या जुन्या जर्मन शब्दात असल्याचे मानतात. त्याच रूपाचा दुसरा शब्द द्राक्षमद्य मोजण्याचे जुने माप होता आणि ते माप गावोगावी वेगळे भरे.

नेमका हाच घोळ तारायंत्रात होता. जमिनीखालची किंवा समुद्रातली तार बिघडली, की अभियंता एका टोकाला बसून बिघाडाच्या जागेपर्यंतचा रोध मोजी आणि त्याला दर मैलाच्या रोधाने भागून ती जागा काढी; पण जो तो आपल्याच तारेच्या मैलांत रोध सांगे, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामाचा नसे. यावर वेर्नर सीमेन्सने १८६० साली शून्य अंश सेल्सिअस तापमानाचा, एक मीटर लांबीचा आणि एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हे प्रमाण सुचवले, तर ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने लांबी, वस्तुमान आणि काळ यांवरून रोधाचे मूल्य ठरवून त्यानुसार मिश्रधातूच्या तारेची वेटोळी बनवली. १८८१ च्या पॅरिस परिषदेत ‘ओहम’ हे नाव आणि ब्रिटिशांचे मूल्य मान्य झाले, पण ते प्रत्यक्षात दाखवायचे ठरले पाऱ्याच्याच स्तंभाने. १८९३ साली शिकागोत त्याची लांबी १०६.३ सेंटिमीटर ठरली. विज्ञानातल्या तडजोडी सहसा इतक्या उघड दिसत नाहीत. रोमन ‘ओ’ शून्यासारखा दिसतो, म्हणून चिन्हासाठी ग्रीक ओमेगा घेतला गेला.

पारा आता इतिहासजमा झाला आहे. क्लाउस फॉन क्लिट्झिंग याने १९८० साली शोधलेल्या परिणामानुसार अतिशीत अर्धवाहकात, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो आणि त्या पायऱ्यांचे मूळ मूल्य सुमारे २५,८१२.८०७ ओहम असते. आजची प्रमाणे त्यावरूनच पडताळतात.

रोधाचा व्यस्त म्हणजे वाहकता. तिच्यासाठी विल्यम थॉमसन याने १८८३ साली ‘ओहम’ची रोमन अक्षरे उलटी लिहून ‘म्हो’ हा शब्द घडवला. १९७१ साली मात्र आंतरराष्ट्रीय पद्धतीत ‘सीमेन्स’ हे नाव आले आणि पाऱ्याच्या स्तंभाचा पुरस्कर्ता ओहमच्या शेजारी, पण उलट्या बाजूने, बसला. माती परीक्षणात क्षारांचे प्रमाण मातीच्या द्रावणाच्या विद्युत वाहकतेवरून काढतात. ती पूर्वी मिलिम्हो प्रति सेंटिमीटरमध्ये लिहीत, आता डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये लिहितात. ही दोन्ही एकके अगदी समान असल्यामुळे नाव बदलले तरी शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या अहवालातला आकडा तोच राहिला.