सी वुल्व्ह्ज, द

दुसऱ्या महायुद्धात गोव्यातील मुरगाव (मार्मागोवा) बंदरात ब्रिटिशांनी केलेल्या एका गुप्त मोहिमेवरील इंग्रजी चित्रपट (१९८०). जेम्स लीझर (१९२३–२००७) ह्या ब्रिटिश लेखकाच्या बोर्डिंग पार्टी (१९७८) ह्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. पुस्तकाची मांडणी कादंबरीसारखी असली, तरी त्याचा विषय प्रत्यक्ष घडलेला प्रसंग हाच आहे. चित्रपटाचे दिग्दर्शन अँड्र्यू मॅक्लॅग्लेन, पटकथा रेजिनल्ड रोझ व निर्मिती यूअन लॉइड यांची असून, चित्रण मुख्यत्वे गोव्यात झाले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : युद्धास तोंड लागताच १९३९ मध्ये एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ह्या जर्मन व्यापारी जहाजांनी मुरगावचा आश्रय घेतला, पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तेथे आले. गोवा त्यावेळी पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. त्यामुळे ही जहाजे तेथे सुरक्षित होती. एरेनफेल्सवरील गुप्त प्रेषकयंत्रावरून दोस्तांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळविल्या जातात, असा ब्रिटिश हेरखात्याचा समज झाला. १९४२ च्या अखेरीस लूइस प्यू व गॅव्हिन स्ट्यूअर्ट ह्या ब्रिटिश हस्तकांनी रोबर्ट कॉख ह्या जर्मन हेरास त्याच्या पत्नीसह गोव्यातून पळवून नेले.

तटस्थ बंदरात उघड लष्करी कारवाई केल्यास पोर्तुगालशी असलेले संबंध बिघडण्याचा धोका होता. म्हणून कॅल्कटा लाइट हॉर्स व कॅल्कटा स्कॉटिश ह्या कलकत्त्यातील स्वयंसेवक पलटणींतील १८ जणांची निवड करण्यात आली. त्यांत व्यापारी व कचेऱ्यांतील अधिकारी असून अनेकांनी मध्यम वय ओलांडले होते. फीबी नावाची गाळ वाहणारी संथ नौका कलकत्त्याहून समुद्रमार्गे निघाली. बहुतेक स्वयंसेवक रेल्वेने कोचीनला जाऊन तीवर चढले. ९ मार्च १९४३ च्या पहाटे, गोव्यात कार्निव्हल चालू असताना, त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला केला. त्यात जहाजाचा कप्तान व काही खलाशी मारले गेले. जहाज शत्रूच्या हाती पडू नये म्हणून खलाशांनीच ते पेटवून बुडविले. इतर तीन जहाजांवरील खलाशांनीही तेच केले. मोहीम गुप्त राहिल्यामुळे स्वयंसेवकांना जाहीर सन्मान मिळाला नाही. लीझरच्या पुस्तकामुळे तब्बल ३५ वर्षांनी ती सर्वसामान्य वाचकांना ज्ञात झाली.

चित्रपट : ग्रेगरी पेक (प्यू), रॉजर मूर (स्ट्यूअर्ट), डेव्हिड निव्हन (लाइट हॉर्सचा प्रमुख बिल ग्राइस) व ट्रेव्हर हॉवर्ड हे प्रमुख नट. उतारवयातील गृहस्थांनी पुन्हा शस्त्र हाती घेणे, ह्या कल्पनेतील विनोद व हळवेपणा दोन्ही चित्रपटाने साधले आहेत. वयस्क, नामांकित नटांची योजना त्यास पोषक ठरली. तथापि मूळ घटनेतील हेरगिरीच्या नीरस व अनिश्चित व्यवहाराला प्रेमकथेची जोड देण्यात आली. मिसेस क्रॉमवेल ही गूढ स्त्री (बार्बरा केलरमन) पटकथेचीच निर्मिती आहे.

मूल्यमापन : कथा सर्वस्वी हल्लेखोरांच्या दृष्टीतून सांगितली गेली आहे. तटस्थतेचा भंग न्याय्य होता काय, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न साहसाच्या ओघात मागे पडतो. ज्यांच्या भूमीवर व ज्यांच्या उत्सवाच्या आडोशाने हे घडले, ते गोमंतकीय केवळ पार्श्वभूमीपुरते दिसतात. जहाजे बुडाली ती अखेर त्यांवरील खलाशांच्याच हातून, ही वस्तुस्थितीही विजयाच्या झगमगाटात झाकोळते. म्हणूनच हा चित्रपट इतिहासाचे साधन म्हणून नव्हे, तर गुप्त राहिलेला इतिहास लोकप्रिय कथेत रूपांतरित होताना त्यात काय उरते व काय गळते, ह्याचा नमुना म्हणून पाहणे अधिक उद्बोधक ठरते.