पोटॅशियम परमँगनेट

पोटॅशियम परमँगनेट हे पोटॅशियम, मँगनीज व ऑक्सिजन या मूलद्रव्यांचे असेंद्रिय संयुग आहे. त्याचे स्फटिक गडद जांभळे, जवळजवळ काळे व चकाकणारे असतात. तीव्र ऑक्सिडीकारक म्हणून ते जलशुद्धीकरणात, त्वचारोगांच्या उपचारात आणि रासायनिक विश्लेषणात वापरले जाते.

गुणधर्म

या संयुगाचे रेणुवस्तुमान सुमारे १५८ असून २०° से. तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ६.४ ग्रॅम विरघळते. अत्यल्प प्रमाणातही पाण्याला गुलाबी रंग येतो. सुमारे २४०° से. तापमानाला त्याचे अपघटन होऊन ऑक्सिजन वायू मुक्त होतो.

परमँगनेट आयनात मँगनीजची ऑक्सिडीकरण स्थिती +७ असते. आम्लधर्मी द्रावणात अभिक्रिया झाल्यावर ती +२ होते व रंग नाहीसा होतो. उदासीन द्रावणात तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा अवक्षेप मिळतो, तर तीव्र आम्लारिधर्मी द्रावणात हिरवे मँगनेट तयार होते. या रंगबदलामुळे अनुमापनात वेगळा दर्शक वापरावा लागत नाही.

इतिहास

१६५९ मध्ये जर्मन रसायनज्ञ योहान ग्लाउबर याने मँगनीजचे खनिज व पोटॅशियम कार्बोनेट एकत्र वितळवून मिळालेल्या पदार्थाच्या द्रावणाचे रंगबदल नोंदविले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील हेन्री बोलमन काँडी याने परमँगनेटयुक्त जंतुनाशक द्रव बाजारात आणला. त्यावरून या स्फटिकांना ‘काँडीचे स्फटिक’ हे नाव मिळाले. भारतात १८९० च्या दशकात अर्नेस्ट हँकिन याने पटकीच्या (कॉलरा) साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला.

पाण्यातील उपयोग

पाण्यात विरघळलेले लोह, मँगनीज व हायड्रोजन सल्फाइड यांचे परमँगनेटमुळे ऑक्सिडीकरण होते. लोह व मँगनीज यांची अविद्राव्य संयुगे बनतात व ती गाळून वेगळी करता येतात. सैद्धांतिकदृष्ट्या १ मिलिग्रॅम लोहासाठी सुमारे ०.९४ मिलिग्रॅम, तर १ मिलिग्रॅम मँगनीजसाठी सुमारे १.९२ मिलिग्रॅम परमँगनेट लागते. पाण्याचा दुर्गंध व वाईट चव कमी करण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. मात्रा जास्त झाल्यास पाणी गुलाबी राहते.

विहिरीचे पाणी गुलाबी झाले म्हणजे ते निर्जंतुक झाले, असा समज रूढ होता. प्रत्यक्षात टिकून राहिलेला रंग एवढेच दर्शवितो की पाण्यातील सहज ऑक्सिडीकरण होणारे पदार्थ संपले असून काही परमँगनेट शिल्लक आहे. रोगजंतू नष्ट झाल्याचा तो पुरावा नव्हे. क्लोरीनच्या तुलनेत परमँगनेट हे दुर्बल जंतुनाशक आहे. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी आता क्लोरीन किंवा विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) वापरतात. महाराष्ट्रातील ग्रामीण भागात हे चूर्ण ‘टीसीएल पावडर’ या नावाने परिचित आहे.

वैद्यकीय उपयोग

पाणी स्रवणारा इसब, पुटकुळ्या व वरवरच्या जखमा यांवर ०.०१ टक्के (१ भागास १०,००० भाग) द्रावणाच्या ओल्या घड्या ठेवतात किंवा बाधित भाग त्यात बुडवून ठेवतात. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ४ लिटर पाण्यात विरघळविल्यास हे प्रमाण मिळते. द्रावण जंतुरोधक व स्तंभक असल्याने स्राव सुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या द्रावणाचा समावेश आहे.

सर्पदंशाच्या जखमेत परमँगनेटचे स्फटिक भरण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. शरीरात पसरलेल्या विषावर त्याचा परिणाम होत नाही व ऊतींची हानी मात्र होते. त्यामुळे ही पद्धत त्याज्य ठरली आहे. विषारी सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच उपचार आहे.

धोके व दक्षता

स्फटिक किंवा तीव्र द्रावण यांमुळे त्वचा व डोळे भाजतात. गोळी वा स्फटिक पोटात गेल्यास तोंड, घसा व अन्ननलिका यांना गंभीर इजा होते आणि मृत्यूही ओढवू शकतो. त्यामुळे ते मुलांपासून दूर ठेवावे व स्फटिक पूर्ण विरघळल्याशिवाय द्रावण त्वचेवर वापरू नये. सौम्य द्रावणानेही त्वचा, नखे व कपडे यांवर तपकिरी डाग पडतात. ग्लिसरीनशी संपर्क आल्यास स्फटिक आपोआप पेट घेतात, तर संहत सल्फ्युरिक आम्लासोबत स्फोटक पदार्थ तयार होतो. म्हणून त्याचा साठा ज्वलनशील पदार्थ व आम्ले यांपासून वेगळा करतात.