एरंडेलात मुरलेलं विमान

मामाच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराचे पुठ्ठे आणि तळ गेलेला बंब यांच्या मागे, ते जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं होतं. धोतर सोडायच्या आधीच वास आला. ज्यांच्या लहानपणीच्या रविवार सकाळी आजीच्या हातातल्या चमच्यानं नासल्या, त्यांना तो वास वेगळा सांगायला नको. एरंडेल!

"मामा, विमानालाही जुलाब द्यायचास का?"

"अरे, तेच तर त्याचं तेल," मामा म्हणाला आणि सवयीनं प्रोपेलरला बोट लावलं. प्रोपेलर हलला नाही. त्यानं जरा जोर लावला, तर अख्खं विमान हातात फिरलं.

पाच फुटी पंखांचं, रेडिओवर उडणारं हे विमान मामानं १९८०च्या दशकात बांधलं. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, तिथे त्याला हे वेड लागलं. पुढे नोकरी, संसार, बदल्या. विमान माळ्यावर गेलं. पस्तीस वर्षांत त्यातलं काय मेलं असेल याचे अंदाज मी शिडीवरून उतरता उतरताच बांधले होते. लाकूड किडलं असणार, इंजिन गंजलं असणार, विजेची उपकरणं मात्र बहुधा चालतील. तिन्ही चुकले.

इंजिनापासून सुरुवात केली. हे इंजिन साडेसहा सीसीचं, चहाच्या कपात मावेल एवढं. त्याचं इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडं नायट्रोमिथेन आणि साधारण पाचवा हिस्सा तेल. एवढ्या जगात एरंडेलच का? कारण खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळतच नाही, आणि बहुतेक वनस्पती तेलंही नाहीत. एरंडेलाचा रेणू जरा वेगळा आहे, त्याला अल्कोहोलशी जमवून घेणारा एक हायड्रॉक्सिल गट चिकटलेला असतो. म्हणून ते विरघळतं, आणि इंजिन तापलं तरी धातूला सोडत नाही. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांतही हेच तेल असे. इंजिनातून उडालेलं तेल वैमानिकांच्या नाकातोंडात जाई आणि मग व्हायचं ते होई, असं सांगतात. आज जगातलं बहुतेक एरंडेल आपल्या शेजारच्या गुजरातेतून जातं. ओसाड गावच्या ज्या एरंडाची आपण टिंगल करतो, त्याच्या बियांवर जगातली विमानं उडाली आहेत.

पण या तेलाला उष्णता आणि हवा लागत राहिली की ते घट्ट होत होत वार्निश बनतं. मामाच्या इंजिनात तेच झालं होतं. पिस्टन गंजून अडकला नव्हता, चिकटला होता. अशा वेळी पक्कड घेऊन प्रोपेलरशी झटापट करणं म्हणजे इंजिन भंगारात घालणं. आम्ही हॉट एअर गन घेतली आणि पाण्याचा थेंब टाकला तर चर्र वाजेल इतपत इंजिन तापवलं. दहा मिनिटांत काळपट मधासारखं काहीतरी ओघळायला लागलं. मामानं फडक्यात धरून प्रोपेलर हळूच ढकलला. एक केसभर. मग बोटभर. मग 'प्लप्' असा ओला आवाज आला, आणि पिस्टन खाली गेला.

उघडून पाहिलं तर सिलिंडर आरशासारखा. ज्या तेलानं इंजिन जखडून ठेवलं होतं, त्यानंच त्याला पस्तीस पावसाळे हवा लागू दिली नव्हती. गंज होता तो मागच्या बेअरिंगमध्ये, कारण मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते तिथे जाऊन बसतं. बेअरिंग नेहमीच्या मापाचं होतं. बेअरिंगवाल्यानं ते काउंटरवर टाकलं आणि विचारलं, "कुठल्या गाडीचं?" मी "विमानाचं" म्हणालो. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

या इंजिनाची खरी जादू मात्र त्याच्या डोक्यावरच्या ग्लो प्लगमध्ये आहे. स्कूटरसारखी ठिणगी इथे नाही. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं एक वेटोळं असतं. चालू करताना दीड व्होल्टची बॅटरी लावून ते लाल करायचं. इंजिन धडधडलं की बॅटरी काढून घ्यायची, आणि तार लालच राहते! प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलची वाफ स्वतःहून ऑक्सिजनशी संयोग पावते, त्या उष्णतेनं तार तापलेली राहते, ती पुढचा घोट पेटवते. मिनिटाला अकरा हजार फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला एकशेऐंशीच्या वर स्फोट, आणि त्यासाठी बॅटरी नाही, मॅग्नेटो नाही, एकही फिरता संपर्क नाही. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ साली हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांतून ठिणगीची कॉइल, कंडेन्सर, बॅटरी हे सगळं ओझं उतरलं.

आता लाकूड. विमान बाल्साचं. हा वृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, व्यापारी लाकूड मुख्यतः इक्वेडोरचं. पण अगदी परका समजू नका. आपल्या काटेसावरीच्याच कुळातला आहे, तिच्यासारखाच त्याच्याही फळांत कापूस भरलेला असतो. फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं येऊन परागण करतात. सहा-आठ वर्षांत झाड तोडणीला येतं. एवढ्या घाईनं वाढणारं झाड भिंती जाड करत बसत नाही. पेशी मोठ्या, भिंती पातळ, आत पाणी. ते पाणी भट्टीत वाळवून काढलं की उरते ती हवेनं भरलेली जाळी. सागवानाचा घनमीटर साडेसहाशे किलोच्या आसपास भरतो, बाल्साचा साधारण दीडशे-एकशेसाठ. हातात घेतलं की मेंदू फसतो. डोळ्यांनी ठरवलेल्या वजनाच्या तयारीनं हात वर जातो आणि फळी जवळजवळ उडतेच. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' बॉम्बफेकी विमानाच्या अंगात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हेच लाकूड होतं, आणि आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटातही घालतात.

हे लाकूड काय करू शकतं याचं एकच उदाहरण देतो. मेनार्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी बाल्सा आणि प्लॅस्टिक फिल्मचं एक विमान बांधलं, इंधन धरून पाच किलोच्याही आत. ऑगस्ट २००३मध्ये ते न्यूफाउंडलंडहून सोडलं. ३८ तास ५२ मिनिटांनी, तीन हजारांवर किलोमीटर अटलांटिक ओलांडून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. मध्ये त्याला उपग्रहाच्या मदतीनं स्वयंचालक चालवत होता. हिल यांची नजर तोवर इतकी गेली होती की कायद्याच्या भाषेत ते अंध होते. पंख त्यांनी हातानं चाचपून घडवले होते.

मामाचं बाल्साही कोरडंठाक, निरोगी होतं. मेला होता तो गोंद. पंखाची दोन टोकं धरून किंचित पीळ द्यायचा आणि कान लावायचा. जिथे 'कर्र' वाजतं तिथला सांधा सुटलेला. आम्ही सात सांधे नुसते ऐकून शोधले. नाकाजवळचं लाकूड तेल पिऊन तपकिरी झालं होतं, त्यावर नवा गोंद बसेना. शेवटी मामीच्या डब्यातलं कॉर्नफ्लॉवर त्यावर थापलं, वरून ऊब दिली, तेल पिठात उतरलं की झाडून पुन्हा थापलं. चार वेळा. मामीनं डबा परत मागितला नाही, नवा आणायला सांगितला.

वरचं प्लॅस्टिकचं कातडं कांद्याच्या सालीसारखं निघालं. आत एका फासळीवर मामाच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'उजवा जड'. मी वाचलं आणि विसरलो. डाव्या पंखाच्या टोकाला गोंदानं चिकटवलेली पंचवीस पैशांची दोन नाणी होती, तीही कोणा पोराची करामत समजून काढून टाकली. नवी फिल्म इस्त्रीनं चिकटवली. ही फिल्म उष्णतेनं आकसते, त्यामुळे सुरकुत्यांवरून इस्त्री फिरली की पंख तबल्याच्या पुडीसारखा ताणला जातो, आणि त्या ताणानंच लाकडाच्या सापळ्याला पीळ सहन करण्याची ताकद येते. झालं की विमान नाकापासून शेपटीपर्यंतच्या रेषेवर तोललं, तर उजवा पंख खाली गेला. पुन्हा तोललं, पुन्हा उजवाच. मग पेन्सिलीची ओळ आठवली आणि मी कचऱ्याच्या बादलीकडे धावलो. पंचवीस पैशांचं नाणं चलनातून ३० जून २०११ला गेलं. त्याचं जेमतेम अडीच-तीन ग्रॅम वजन मात्र पंखाच्या टोकाला, मधल्या रेषेपासून अडीच फुटांवर, अजून पूर्ण किमतीला चालतं.

विजेच्या उपकरणांनी मात्र निराशा केली. निकेल-कॅडमियमचे सेल फुटले होते. त्यातला अल्कधर्मी द्राव तारेच्या आतून रांगत रांगत पुढे सरकला होता. तार बाहेरून लालभडक, सोलली तर आत तांबं काळं, आणि वाकवताच भुगा. सेल ई-कचऱ्यात दिले, कॅडमियम विषारी असतं. जुना रेडिओही बाद. त्या काळात प्रत्येक सेटची एक ठरावीक कंपनसंख्या असे आणि मैदानावर फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले असत. आपल्या नंबरचा चिमटा हातात असेल तरच रेडिओ चालू करायचा, नाहीतर दुसऱ्याचं विमान तुमचं ऐकायला जाऊन जमिनीत घुसायचं. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला अनेकदा उड्या मारत बोलतात, एकाच मैदानावर डझनभर चालले तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. अशा उड्यांच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२ साली पाणतीरासाठी घेतलं गेलं होतं. घेणाऱ्यांत एक होती हॉलिवूडची नटी हेडी लमार.

आणि सुरुवातीला तर याहून मजा होती. मिशिगनमधल्या कॅलमझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७मध्ये रेडिओवर उडणारं 'गफ' बांधलं, ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या जमान्यातल्या साध्या यंत्रणेत पिळलेलं रबर सुकाणू हलवायचं. बटण दाबलं की डावीकडे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की उजवीकडे. लागोपाठ दोनदा डावीकडे वळायचं तर मध्ये उजवीकडे एक ठोका द्यावाच लागे! आणि आधी कुठे वळलो होतो हे उडवणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

मग सर्वो, म्हणजे सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटारी. त्याही टाकाव्या लागणार असं मी धरूनच चाललो होतो. सर्वोची भाषा साधी आहे. रिसीव्हर सेकंदाला साधारण पन्नास ठोके पाठवतो आणि ठोक्याची लांबी हाच निरोप. दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे मध्यावर थांब. एक मिलिसेकंद म्हणजे एका टोकाला, दोन म्हणजे दुसऱ्या. जुन्या प्लगमधल्या तारांचा क्रम वेगळा होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेले नवे प्लग लावले, नव्या रिसीव्हरमध्ये खोचले, काडी हलवली. एक क्षण काही नाही. मग मुंगीच्या कण्हण्यासारखा बारीक 'झ्यीं' आणि शेपूट वळली. मामाच्या तरुणपणीच्या मोटारीला आजच्या चिपचा निरोप कळला, दुभाष्याशिवाय.

शेवटी तोल. पंखाच्या रुंदीच्या पुढल्या तिसऱ्या हिश्शाशी दोन बोटं ठेवून उचललं की विमान आडवं राहायला हवं. नवी बॅटरी जुनीपेक्षा हलकी, त्यामुळे शेपूट खाली गेली. शेपूटजड विमान उडवणं म्हणजे झाडू तळहातावर उभा धरून पळणं. बॅटरी पार नाकाशी सरकवली, तरी थोडं शिसं घालावंच लागलं.

विमान भरलं सव्वादोन किलो. पंखाच्या दर चौरस मीटरवर साडेपाच किलोंच्या आसपास भार. खऱ्या सेस्ना १७२मध्ये, पूर्ण भरलेली असताना, हा आकडा सत्तरच्या जवळ जातो. आकार निम्मा केला की पंखाचं क्षेत्रफळ चौथाई होतं, पण वजन आठवा हिस्सा. लहान होण्याचा फायदा असा गणितातच लिहिलेला आहे. म्हणून आमचं विमान तासाला तीस किलोमीटरच्या वेगावरही हवेत तरंगतं. एवढ्या वेगानं सायकल उतारावरून जाते.

जागा शहराबाहेरची, पीक काढलेल्या रानातली. आधी 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे ना, ते पाहिलं. लोहगावचा विमानतळ जवळ असलेल्यांनी हे विसरून चालत नाही. इंजिन काठीच्या फटक्यानं सुरू केलं, बोटं प्यारी असतील तर हातानं करू नये. तिसऱ्या फटक्याला ते किंचाळलं आणि निळसर धूर शेतावर पसरला. मामानं ट्रान्समिटर माझ्या हातात दिला, मग परत घेतला.

वीस पावलांत चाकं सुटली. उडालं ते सरळ, डावी-उजवीकडे न कलता. डाव्या पंखाच्या टोकाला पुन्हा चिकटवलेल्या त्या दोन नाण्यांकडे माझं लक्ष होतं असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मामा बोलत नव्हता. अंगठे मात्र हलत होते, तांदूळ निवडताना हलतात तितकेच. नऊ मिनिटांनी टाकी संपली, इंजिन खोकून थांबलं, आणि अचानक चंडोलाचं गाणं ऐकू यायला लागलं. विमान आवाज न करता लांबून वळून आलं, ढेकळांवर दोनदा उडालं, एक चाक वाकलं.

डाव्या बाजूनं शेपटीपर्यंत तेलाचा पिवळट पट्टा ओघळला होता. उड्डाणानंतर इंजिनात गंजरोधक तेलाचे थेंब सोडून जुनं तेल धुऊन काढावं, असं मी वाचलं होतं. बाटली आणलीही होती.

"ठेव ती," मामा म्हणाला. त्यानं धोतराच्या त्याच तुकड्यानं पंख पुसला आणि प्रोपेलर दोन वेळा सावकाश फिरवून तेल आत पसरवलं. "राहू दे आत थोडं एरंडेल."