वनस्पतींचा चरितार्थ

वनस्पतीची ओळख सांगताना आपण प्रथम तिचे कूळ सांगतो. फुलाफळांची ठेवण पाहून कुळे लावण्याची पद्धत उपयुक्तच आहे. परंतु आडनाव कळले म्हणून एखाद्याचा प्रपंच कसा चालतो हे कळत नाही. वनस्पतींचेही तसेच आहे. मग चरितार्थाच्या रीतीवरून त्यांचे वर्ग पाडता येतील काय?

इंग्लंडातील शेफील्ड विद्यापीठाचे फिलिप ग्राइम यांनी १९७४ साली अशी एक वर्गवारी मांडली. वनस्पतीवर संकटे दोन तऱ्हेची येतात. एक ओढगस्तीचे : पाणी, प्रकाश किंवा अन्नद्रव्ये यांचा तुटवडा पडतो आणि वाढच खुंटते. दुसरे नासधुशीचे : नांगर, चराई, आग यांनी वाढलेले अंग नष्ट होते. दोन्ही संकटे सौम्य असतात तेथे स्पर्धक वनस्पती माजतात. ओढगस्त असते तेथे सोशिक टिकतात. वारंवार नासधूस होते तेथे चपळ. दोन्ही संकटे एकदम तीव्र झाली तर कोणीच तगत नाही. म्हणून चौथा वर्ग नाही. अर्थात पुष्कळ वनस्पती या तिन्हींच्या अधेमधेच सापडतात.

हे वर्ग अंगलक्षणांवरून ओळखू येतात. स्पर्धक उंच वाढून शेजाऱ्यांवर सावली धरतो. चपळ वनस्पती, उदाहरणार्थ शेतातले तण, थोड्या दिवसांत बी टाकून मोकळी होते. सोशिक वनस्पती हळू वाढते. तिचे पान जाड, चिवट आणि दीर्घायुषी असते. असे पान म्हणजे दगडी भिंतीचे घर : बांधणी महाग, पण टिकाऊ. मिळकत ठरलेली असल्यामुळे टिकाऊपणा आणि झपाटा दोन्ही साधत नाहीत.

हा जमाखर्च समजला म्हणजे एक कोडे सुटते. इंग्लंडातच रॉथमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांना निरनिराळी खते देण्यास आरंभ केला. तो प्रयोग आजही चालू आहे. नत्रखत मिळालेल्या तुकड्यांत गवत वाढले, पण वनस्पतींच्या जाती घटल्या. खताने ओढगस्त संपली, स्पर्धक माजले आणि त्यांच्या सावलीत सोशिक दडपले गेले.

तेव्हा एखाद्या उजाड माळाची आपल्याला कीव आली, तर तो 'सुधारण्या'पूर्वी तेथे कोण राहते हे पाहावे. आपण ज्याला दारिद्र्य म्हणतो, तेच कित्येकांचे संरक्षण असते.